फौजीची दिवाळी मार्गशीर्षात का येते?

दर दिवाळीला टीव्हीवर एक दृश्य ठरलेलं असतं. पंतप्रधान लष्करी पोशाखात, भोवती जवान, मध्ये मिठाईचं तबक. २०१४ साली सियाचीन, पुढे गुरेझ, लोंगेवाला, कारगिल, २०२४ साली कच्छमधली सर क्रीक आणि २०२५ साली थेट ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका. ते लागलं की साताऱ्याकडच्या आमच्या गावी शेजारच्या काकू आईला हटकून विचारतात, "औंदाबी न्हाय व्हय आला तुमचा? वरच्या आळीतला तर कालच आलाय की." आई उत्तर देत नाही. सोऱ्यात पीठ भरते आणि पुढची चकली पाडायला घेते.

काकूंचा प्रश्न जरा कुचका असतो, पण चुकीचा नसतो. एकाच फौजेतला एक येतो आणि दुसरा येत नाही, हे ठरतं कसं? गावात याची दोनच उत्तरं फिरतात. एक म्हणजे "साहेब सोडत न्हाईत". दुसरं भाषणातलं, त्याग-बलिदान वगैरे. माझा दादा हवालदार आहे, सतरा वर्षं झाली त्याला. त्याच्याकडून आणि वहिनीकडून मला जे समजलं, त्यावरून सांगते: खरं उत्तर चौथीच्या गणिताच्या पुस्तकात आहे.

रजाच कमी असते का?

अजिबात नाही. भूदलातल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा मिळते, हिला जवान ‘सालाना’ म्हणतात. वर ३० दिवसांची नैमित्तिक रजा, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘सीएल’. एकूण ९० दिवस. अधिकाऱ्यांची सीएल उलट २० दिवसांची, जवानापेक्षा कमी.

माझ्या नवऱ्याला पुण्यात कंपनीकडून वर्षाला २१ रजा मिळतात. तरी लग्नापासून त्याची एकही दिवाळी हुकलेली नाही. दादाला त्याच्या चौपट रजा आहे आणि सतरा वर्षांत गावच्या घरी त्याच्या दिवाळ्या झाल्या चार. म्हणजे दिवस भरपूर आहेत, तारीख तेवढी त्याची नाही. या लेखात पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका ओळीतून निघतं.

सगळ्या गणवेशांना मात्र हाच हिशोब लागू नाही. २०२२ पासून चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांना वर्षाला ३० दिवसच रजा असते. बीएसएफ, सीआरपीएफ ही दलं लोक सरसकट ‘मिल्ट्री’त धरतात, पण ती लष्कर नव्हेत, गृहखात्याच्या हाताखाली येतात. त्यांच्या जवानांना वर्षातले १०० दिवस तरी घरच्यांसोबत काढता यावेत, असं उद्दिष्ट गृहमंत्र्यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं. असं उद्दिष्ट जाहीर करावं लागतं, यातच काय ते समजून घ्यायचं.

आणि एक बारीक अक्षरातली गोष्ट. रजा मागता येते, हक्काने घेता येत नाही. मंजूर झालेली रद्द होते, चालू असलेली मोडूनही परत बोलावतात. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. सैन्य सीमेवर गेलं ते दहा महिने तिथेच राहिलं. तेव्हाच्या कितीतरी घरांत बाळाचं बारसं आणि बापाची पहिली भेट यांत जवळजवळ वर्षाचं अंतर पडलं. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळीही तेच. ऐन लग्नसराई होती. अंगावरची हळद उतरायच्या आत नवरदेव गाडीत बसल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

पाटाच्या पाण्याची पाळी

आमच्याकडे कालव्याला पाणी सुटलं की पाळी लागते. ऊस सगळ्यांचाच सुकत असतो, पण पाट एकच आणि त्याची रुंदी ठरलेली. कुणाची पाळी रात्री दोनला येते, कुणाची चांगली सकाळी सातला. पाटकऱ्याला शिव्या सगळेच घालतात, पण तो तरी पाणी कुठून वाढवून आणणार?

रजेचं अगदी तसंच आहे. एका कंपनीत साधारण १२० माणसं धरा. (कंपनी म्हणजे पलटणीचा एक तुकडा, अशा कंपन्या मिळून सुमारे ८०० जणांची पलटण होते.) प्रत्येकाला वर्षात ९० दिवस रजा द्यायची, तर ३६५ दिवसांत ९० म्हणजे साधारण चौथा हिस्सा. कुठल्याही दिवशी १२० पैकी ३० जण घरी असले तरच वर्षअखेर सगळ्यांची रजा पुरी होते. हा झाला पाट. आता दिवाळीच्या आठवड्यात रजा हवीय किती जणांना? १२० जणांना.

तीसच जायचे. म्हणजे चारांतला एक. म्हणजे सरासरीने प्रत्येकाच्या वाट्याला चार वर्षांतून एक दिवाळी. सतरा वर्षांत चार. दादाचा आकडा आठवा; कुणी डाव साधलेला नाही, भागाकार बरोबर आलाय.

प्रत्यक्षात पाळीला माणुसकीचे फाटेही फुटतात. कुणाच्या बायकोचे दिवस भरलेत, कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाचं लग्न ठरलंय, असे जण पुढे जातात. गेल्या वर्षी दिवाळी मिळालेले मागे जातात. कंपनीचा हवालदार मेजर ही यादी वहीत ठेवतो, मंजुरी वरून येते. दादा म्हणतो, यादी लावणाऱ्याची स्वतःची दिवाळी सगळ्यांत आधी कटते, कारण त्याने स्वतःचं नाव घातलं तर बाकीच्यांना तोंड दाखवता येत नाही.

एवढी मोठी फौज आहे, चार दिवसांनी काय बिघडतं?

हे मीही विचारलं होतं. मागच्या खेपेला दादाने माझ्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला एक चौकी काढून दाखवली. ते पान अजून माझ्याकडे आहे.

चौकीवर १० माणसं समजा. चोवीस तास दोघांनी पहाऱ्यावर उभं राहायचं: दोन गुणिले चोवीस, ४८ तास. एकाने चोवीस तास वायरलेसपाशी बसायचं, म्हणजे आणखी २४. झाले ७२ तासांचं काम, आणि यातला एक मिनिटही टाळता येत नाही. दहा जणांत वाटलं तर प्रत्येकी सात तासांच्या वर. हे फक्त उभं राहण्याचं आणि ऐकण्याचं. स्वयंपाक, पाणी भरणं, बर्फ उपसणं, गस्त घालणं, हत्यार साफ करणं हे वेगळं. आता तिघे रजेवर गेले. तेच ७२ तास सात जणांत: प्रत्येकी दहा तासांवर. पाच गेले, तर चौदा तासांवर. चौदा तास पहारा देऊन माणूस उरलेल्या वेळात स्वयंपाक करील, गस्तीला जाईल आणि झोपेल कधी? डोळा लागणारच. इथे दादाने पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, "डोळा लागला की संपलं."

दुकान चार दिवस बंद ठेवता येतं. शाळेत एक बाई दोन वर्ग सांभाळतात. पण पहारा थोडा-थोडा करता येत नाही, आणि पलीकडचाही पंचांग बघूनच बसलेला असतो. आपल्या सणाच्या रात्री आपण ढिले पडू, हे त्याला सांगायला लागत नाही.

मग दिवाळीच का अडते, गुढीपाडवा का नाही?

गुढीपाडवाही अडतो, पण दिवाळीला तीन गोष्टी एकदम आड येतात. आणि हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट बर्फ. काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेपलीकडून घुसखोरी मुख्यतः डोंगरातल्या खिंडींमधून होते. हिवाळ्यात त्या बुजतात. त्यामुळे त्या बुजायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, घुसण्याच्या प्रयत्नांना जोर येतो. आपल्याकडे वसुबारस असते तेव्हा तिकडे वर्षातला सगळ्यांत जागरणाचा हंगाम चालू असतो.

दुसरीही बर्फाचीच, उलट्या बाजूने. श्रीनगरहून लडाखला जाणारा रस्ता ११,५०० फुटांवरच्या झोजिलावरून जातो आणि बर्फात तो बंद पडतो. तो बंद व्हायच्या आत हिवाळ्याचं रॉकेल, धान्य, औषधं, दारूगोळा सगळं वर चढवायचं असतं. जसं आपल्याकडे मृग लागायच्या आत गवत-सरपण आत घेतात, तसं, फक्त हजारो माणसांसाठी आणि सहा महिन्यांचं. हे काम करायला माणसं लागतात. पूर्वी काही उंच चौक्या हिवाळ्यात रिकाम्या करून खाली यायची पद्धत होती. १९९८-९९ च्या हिवाळ्यात कारगिलच्या बाजूला त्याच रिकाम्या जागांवर शत्रू येऊन बसला आणि त्या परत घ्यायला केवढी किंमत मोजावी लागली, हे सगळ्यांना माहीत आहे. २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली, मग पूर्व लडाखमध्येही हिवाळाभर मोठं सैन्य थांबायला लागलं. हिवाळ्यात डोंगर ओस टाकायची सोय संपली.

तिसरी गोष्ट आपलीच. दादा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. ज्या पलटणींत एकाच मुलखातली पोरं असतात, त्यांची एकी जबरदस्त असते. एक घोषणा, एक बोली, ताटात एकच पिठलं-भाकरी. पण त्यामुळेच गणपती आणि दिवाळी सगळ्यांची एकाच दिवशी! तोफखान्यात किंवा इंजिनिअर्समध्ये सरमिसळ असेल, तर बिहारच्या गड्याला दिवाळीनंतर सहा दिवसांनी येणारी छठ हवी असते, केरळच्याला ओणम, आसामच्याला बिहू, पंजाबच्याला वैशाखी, नागा पोराला नाताळ. तिथे पाळ्या आपोआप वाटल्या जातात. पलटणीचं जे बळ, तेच रजेच्या वहीत गळ्याशी येतं. भरतीला उभ्या राहणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नसेल बहुधा.

बायकामुलांना सोबत का नेत नाहीत?

नेतात, पण सगळीकडे नाही. इथे दोन शब्द कळले की पुष्कळ उलगडा होतो. ‘पीस’ म्हणजे शांततेचं ठाणं: बेळगाव, पुणे, झाशी, अशा छावण्या. तिथे क्वार्टर मिळालं तर कुटुंब सोबत राहतं, मुलं तिथल्या शाळेत जातात. ‘फील्ड’ म्हणजे सीमेजवळचा किंवा दहशतवादाचा भाग. तिथे कुटुंबाला मुभा नसते. पलटण साधारण दोन-तीन वर्षं फील्ड, दोन-तीन वर्षं पीस अशी फिरत असते. नवरा फील्डला गेला की बायकोसाठी काही शहरांत वेगळी क्वार्टरं असतात, पण ती मागणाऱ्यांच्या मानाने कमी. मग बहुतेक जणी सासरी, गावी येतात.

वहिनी दोनदा क्वार्टरात राहिली, दोनदा परत आली. प्रत्येक वेळी पोराची शाळा बदलली. पहिलीत हिंदी, दुसरीत मराठी. सासरच्यांच्या हाताखाली परत राहायचं, स्वतःच्या किल्लीचं घर सोडून. तिने एकदाच, भांडी घासताना, पाठमोरीच मला सांगितलं, "ताई, ह्यांच्या नसण्याची सवय झालीय. पण माझी चूल गेली त्याची होत नाही."

नौदलात पीस-फील्ड नसतं, पण जहाज असतं. एडनच्या आखातात समुद्री चाच्यांवर पाळत ठेवायला २००८ पासून आपली जहाजं सतत पाळीने जातात. कोकणातल्या अनेक घरांचा गणपती त्या पाळीवर अवलंबून असतो, आणि चाकरमान्याला जशी गणपती स्पेशल गाडी मिळते तशी समुद्रातून मिळत नाही.

रजा मिळाली, म्हणजे पोचला का?

लडाखमधल्या चौकीवरून साताऱ्याला यायचं गणित बघा. चौकीवरून पायी किंवा ट्रकने खाली. लेहला मुक्काम. तिथून हवाई दलाच्या मालवाहू विमानाने चंदीगड. हवा बिघडली की विमान नाही, म्हणजे ट्रान्झिट कॅम्पात खाटेवर पडून राहायचं. जम्मूकडचा असेल तर ‘झेलम’. जम्मू तावी ते पुणे ही झेलम एक्सप्रेस कितीतरी पिढ्या फौजींची गाडी म्हणूनच ओळखली जाते. जवळजवळ दोन दिवस लागतात. मग पुण्याहून एसटी. दिवाळी चार-पाच दिवसांची, आणि नुसत्या वाटेतच तेवढे दिवस जातात. लेहला दोन दिवस धुकं-वारा झाला की नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान रेल्वेच्या नळावर.

परतीची वाट तर जास्त जीवघेणी. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफच्या ज्या ताफ्यावर हल्ला झाला, त्यात ७८ गाड्या आणि अडीच हजारांवर जवान होते. ताफा एवढा मोठा का? बर्फामुळे महामार्ग कित्येक दिवस बंद होता, आणि रजा संपवून परत निघालेले पुष्कळ जण जम्मूत अडकून पडले होते. रस्ता उघडला आणि सगळे एकदम निघाले. ४० जण गेले, त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोघे. त्यानंतर आठवड्याभरात निमलष्करी दलांच्या सगळ्या जवानांना श्रीनगरला विमानाने जायची-यायची परवानगी मिळाली. त्याआधी ती सगळ्यांना नव्हती.

"अडकला तर अडकला, दोन दिवस जास्त राहायचं," असं सासुरवाडीचे लोक सहज म्हणतात. राहता येत नाही. सबळ कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त राहणं हा १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टच्या ३९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. म्हणून फौजी शेवटच्या दिवशी जेवणावर लक्ष देत नाही, सारखा घड्याळ बघतो. त्याला माणूसघाणा म्हणू नका.

आता तर व्हिडिओ कॉल आहे की!

आहे, आणि फार मोठी गोष्ट आहे. आईच्या लग्नाच्या वेळी आजोबा सैन्यात होते, त्यांचं ‘मी सुखरूप, तुमची खुशाली कळवणे’ एवढं आंतर्देशीय पत्र दीड महिन्याने यायचं. २०२३ मध्ये सियाचीनलाही बीएसएनएलचा टॉवर उभा राहिला. पण प्रत्येक चौकीवर रेंज नसते. काही ठिकाणी उपग्रह फोनवर पाळीने मोजकी मिनिटं मिळतात. कामगिरीवर निघताना फोन मागे ठेवायचा असतो. त्यात फोन ठावठिकाणा फोडतो. जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली होती, ती यासाठीच. म्हणून तुमच्या गल्लीतल्या फौजीचा दिवाळीचा फोटो चौकीच्या नावासकट ग्रुपवर टाकू नका. कौतुक समजतं, पण पत्ता कशाला?

आणि कॉल लागला तरी काय बोलायचं? पाडव्याला वहिनी फोन उभा करून त्याला ओवाळते. ताम्हन फोनपुढे फिरतं, उजेडाने पडदा पांढरा होतो आणि चित्र अडकतं. दादाचा चेहरा अर्ध्या हसण्यावर थांबलेला. ती तरी तीनदा ओवाळून घेते, मगच तबक खाली ठेवते. बिल किती आलं, म्हशीला काय झालं, पोराला ताप होता, यातलं ती काहीच सांगत नाही. तोही रात्री गोळीबार झाला होता हे सांगत नाही. दोघं एकमेकांना अतिशय व्यवस्थित फसवतात.

पगार घेतात की, आणि स्वतःहून गेलेत

खरंय. पगार वेळेवर होतो, कँटीन आहे, दवाखाना आहे, गावात पक्कं घर बहुधा फौजीचंच असतं. कठीण जागेचा भत्ताही असतो: सियाचीनसाठी जवानाला महिन्याला १४ हजार मिळत, ते २०१७ पासून ३० हजार झाले. पण भत्ता जागेचा असतो. घरी एकटीने सासऱ्यांचं ऑपरेशन, पोराची दहावी आणि सोयाबीनची काढणी एकाच महिन्यात उरकणाऱ्या बाईच्या नावाने त्या पगारपत्रकात ओळ नसते.

‘स्वतःहून’ या शब्दाबद्दल मात्र मला शंका आहे. आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, त्यांच्या नावे इंग्रजांनी स्तंभ उभारला, आणि त्यानंतरही घरटी माणूस फौजेत जात राहिला. त्यात अभिमान आहेच. पण दोन एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ असले की अठराव्या वर्षी पहाटे रस्त्यावर पळायला लागणारं पोर किती निवडतं आणि किती ढकललं जातं, हे आपण एकमेकांना विचारत नाही.

आपल्या हातात काय आहे?

पहाऱ्याचे ७२ तास कमी करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. झोजिला आपल्या सांगण्यावरून उघडी राहणार नाही. फौजी तारीख हलवू शकत नाही, हे एकदा मान्य केलं की उलटा प्रश्न उरतो: बाकीचे सगळे का हलवत नाहीत?

दादाच्या गेल्या रजेचा हिशोब वहिनीने कॅलेंडरवर खुणा करून ठेवला होता. ३० दिवसांपैकी अकरा दिवस कचेऱ्यांत गेले. वाटणीची नोंद, बँकेत सही जुळत नाही म्हणून परत, पोराच्या दाखल्यासाठी बापाची सही समक्षच हवी म्हणून परत. "साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या सोमवारी या." पुढच्या सोमवारी तो जम्मूत असतो.

गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारला हे कळलं होतं. १९२५ चा एक कायदा आजही लागू आहे: जवान सीमेवर अशा कामगिरीत असेल की येऊच शकत नाही, तर त्याच्याविरुद्धचा दावा न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत उरकायचा नाही, थांबायचं. जमिनीच्या भानगडीत भावकीने याचा फायदा घेऊ नये म्हणून. किती फौजींच्या घरी हा माहीत आहे? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, सांगतात. मतदानालाही फौजीला आपल्या जागी घरचा माणूस नेमता येतो. म्हणजे न्यायालय थांबतं, मतपेटी थांबते; शाळेची पालकसभा आणि बँकेची खिडकी थांबत नाही. एका गावच्या शाळेत मी पाहिलं, बाईंनी फौजी बापांसाठी वेगळी वही केली होती: बाप कधी येणार ते मूल सांगतं आणि पालकभेट त्या आठवड्यात. खर्च शून्य.

आणि तो घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस जरा लांबून राहा. पुतण्या दोन वर्षांचा असताना दादा आला, तर पोर वहिनीमागे लपलं आणि "काका कधी जाणार?" म्हणालं. रात्री दादा खाटेवर झोपेना, जमिनीवर झोपला. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ओरडला, मग स्वतःच बाहेर जाऊन बसला. त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं घर त्याला परत आत घेताना थोडं करकरतं. पाहुण्यांनी तेव्हाच रांग लावायची नसते.

डबा आणि किल्ला

फराळ पाठवायचा असेल तर थोडं व्यवहाराचं. फौजीच्या पत्त्यावर गाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. पलटण कुठेही गेली तरी पत्त्यात गाव येत नाही. पार्सल दिल्लीला किंवा कोलकात्याला लष्करी टपालखात्याच्या ठाण्यात जातं आणि तिथून पुढचा ठिकाणा त्यांनाच ठाऊक. वेळ लागतो, तेव्हा दसऱ्यालाच टाका. चकली चुरा होऊन पोचते. अनारसे मऊ पडतात. शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू टिकतात. लाडवांच्या मधल्या फटींत शंकरपाळे भरले की काहीच हलत नाही.

भाऊबीजेला मी गावी असते. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, ही आपली जुनी सोय. पण बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, दिवस मावळला की तास-दीड तासात डोंगराआड जाते. गेल्या वर्षी डोंगरावर ढग होता, मी तबक घेऊन गच्चीवर, आई खालून ओरडतेय, "दिसली का? दिसली का?" दिसली, ओवाळलं, पळत खाली आले, कारण तेलाचा दिवा वाऱ्याने विझत होता.

अंगणात पुतण्याचा किल्ला होता. माती, पोती, वर मावळे, पायथ्याशी मोहरीची हिरवी शेतं. बाकीच्या पोरांनी तुळशीच्या लग्नाला आपले किल्ले मोडले, याने मोडू दिला नाही. मोहरी वाळली, एक बुरूज मांजराने पाडला, तोफेवर कोंबडी बसायला लागली. दादाची रजा मार्गशीर्षात मंजूर झाली, तेव्हा पोराने विचारलं, "परत पेरू का?" वहिनी म्हणाली, थांब. मोहरी उगवायला चार दिवस लागतात; आधी पेरली आणि ते लेहला अडकले तर पुन्हा वाळेल. दोघं फोनकडे बघत बसली. एके दुपारी दादाचा निरोप आला, ‘चंदीगड पोचलो’. पोर लगेच मोहरीची डबी घेऊन अंगणात पळालं.